पुसलेला पासवर्ड मेमरी डंपमध्ये परत सापडतो? उरलेल्या तुकड्यावरून कारण ओळखा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. पासवर्ड किंवा की वापरून झाल्यावर बफर (तो तात्पुरता ठेवलेली मेमरीतली जागा) शून्यानं भरणारी ओळ कोडमध्ये असते. रिव्ह्यूमध्ये ती सगळ्यांनी पाहिलेली असते, डीबग बिल्डमध्ये तपासलं तर काही सापडत नाही. मग ऑडिटवाले रिलीज बिल्डचा कोअर डंप, म्हणजे चालू प्रोसेसच्या मेमरीची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, घेतात आणि तोच पासवर्ड समोर ठेवतात. टीम घाईनं ती ओळ बदलते, ती जागा स्वच्छ होते, आणि पुढच्या ऑडिटला पासवर्ड भलत्याच ठिकाणी निघतो.

असं पुन्हापुन्हा होतं, कारण आपण पुसणारी ओळ दुरुस्त करत बसतो आणि पासवर्डच्या प्रती किती झाल्या ते मोजतच नाही. मूळ कागद फाडला आणि झेरॉक्स टेबलावरच राहिल्या, तसा हा प्रकार आहे. प्रती शोधायचा एक चांगला मार्ग आहे: डंपमध्ये पासवर्डचा नेमका कोणता भाग उरलाय ते पाहायचं. जो भाग गायब आहे, तोच बहुतेकदा कारण सांगतो.

खाली मुख्यतः लिनक्स आणि सी, सी प्लस प्लसबद्दल लिहिलंय. जावा, पायथन, रस्टचा भाग पुढे आहे.

खुणेचा पासवर्ड

तपासणीसाठी खरा पासवर्ड वापरू नका, आणि ‘टेस्ट१२३’ छापाचाही नको. साध्या रोमन अक्षरांचा ४८ बाइटांचा पासवर्ड बनवा. त्याचे आठ-आठ बाइटांचे सहा तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यात वेगळा आकडा ठेवा, म्हणजे कुठलाही तुकडा सुटा सापडला तरी तो कितवा हे लगेच कळेल. देवनागरी पासवर्डनं ही तपासणी किचकट होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे आठ बाइटांची सीमा अक्षराच्या मधोमध पडते. शिवाय ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त आस्की मजकूर शोधते, देवनागरी मजकूर ती दाखवतच नाही.

हा पासवर्ड कमांड लाइनवरून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देऊ नका. त्या दोन्ही गोष्टी प्रोसेसच्या स्टॅकच्या वरच्या टोकाला शेवटपर्यंत पडून असतात, आणि तुमच्या कोडचा काही दोष नसताना डंपमध्ये एक प्रत सापडते. प्रॉडक्शनमध्येही हाच नियम पाळायला हवा. एन्व्हायर्नमेंटमधलं गुपित त्याच युजरच्या दुसऱ्या प्रोसेसला प्रॉक फाइलसिस्टिममधून वाचता येतं, आणि तुम्ही सुरू केलेल्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसकडे ते आपोआप जातं.

आता रिलीज बिल्ड, म्हणजे ज्या ऑप्टिमायझेशन पातळीवर तुम्ही खरंच माल पाठवता तोच, चालवा. लॉगिन पूर्ण होऊ द्या, पुसणारी ओळ ओलांडली की जीडीबी या डीबगरसोबत येणारी, डंप घेणारी ‘जीकोअर’ आज्ञा प्रोसेस आयडी देऊन चालवा. तयार झालेल्या फाइलवर ‘ग्रेप’ ही मजकूर शोधणारी आज्ञा चालवताना मायनस ए, मायनस ओ आणि मायनस बी हे तिन्ही पर्याय द्या, म्हणजे प्रत्येक सापडलेल्या जागेचा बाइट क्रमांक मिळेल. नुसता मायनस सी दिलात तर तो ओळी मोजतो, प्रती नाही. बायनरी फाइलमध्ये एका ‘ओळीत’ चार प्रती असू शकतात. पूर्ण ४८ बाइट शोधू नका, सहाही तुकडे वेगवेगळे शोधा. पूर्ण पासवर्ड शोधून ‘काही सापडलं नाही’ असा निष्कर्ष काढणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

आणखी एक: मेमरीचा एखादा भाग ‘डंपमध्ये घेऊ नको’ असं कर्नलला सांगून ठेवलं असेल, तर जीकोअरही तो भाग वगळतं. तिथलं खरं चित्र हवं असेल तर जीडीबीमध्ये वगळलेले भागही डंप करण्याचं सेटिंग चालू करा.

कोणता भाग उरलाय?

फक्त पहिला बाइट गेलाय आणि बाकी सगळं शाबूत आहे, असं दिसलं तर सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड स्ट्रिंगवर ‘क्लिअर’ बोलावलेलं असण्याची दाट शक्यता आहे. क्लिअर लांबी शून्य करतं आणि पहिल्या जागी शून्य बाइट ठेवतं, बस. बाकीच्या अक्षरांना ते हात लावत नाही. छोट्या स्ट्रिंगच्या ‘मूव्ह’मध्येही असंच होतं. जीसीसी कंपायलरसोबतच्या लायब्ररीत १५ बाइटांपर्यंतची स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या आतच राहते, त्यामुळे मूव्ह केलं की बाइट नव्या ऑब्जेक्टमध्ये कॉपी होतात आणि जुन्यात पहिला सोडून बाकीचे तसेच पडून राहतात. ४८ बाइटांच्या खुणेनं हा दुसरा प्रकार पकडता येत नाही. त्यासाठी १२ बाइटांच्या खुणेनं तपासणी पुन्हा एकदा करा.

पहिले आठ बाइट शून्य झालेत आणि दुसऱ्या तुकड्यापासून पुढचं सगळं जागेवर आहे? मग पुसणाऱ्या ओळीतला ‘साइझऑफ’ पाहा. तो ॲरेचा नसून पॉइंटरचा, म्हणजे नुसता पत्ता ठेवणाऱ्या चलाचा आहे. ६४-बिट मशीनवर पॉइंटर आठ बाइटांचा, म्हणून आठच बाइट पुसले गेले. फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये ६४ लांबीचा ॲरे लिहिला तरी आत तो पॉइंटरच असतो, त्यामुळे हा दोष डोळ्यांना दिसत नाही. जीसीसी आणि क्लँग दोन्ही यावर इशारा देतात, पण बिल्डमध्ये शेकडो इशारे वाहत असतील तर हा कोण वाचणार? या एका इशाऱ्याला तरी एरर करून टाका.

पहिले सोळा बाइट बिघडलेत, म्हणजे तिथे शून्य नसून कचऱ्यासारखे दिसणारे आकडे आहेत, आणि तिसऱ्या तुकड्यापासून सगळं नीट आहे. ही ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) ‘फ्री’ची, म्हणजे मेमरी परत करणाऱ्या फंक्शनची, सही समजा. मोकळ्या केलेल्या तुकड्याच्या सुरुवातीला मेमरी वाटणारा अलोकेटर स्वतःचा हिशेब लिहितो: आधी पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पॉइंटर, मग त्याच्या शेजारी आणखी एक आठ बाइटांची नोंद. म्हणजे इथे पुसणं झालंच नाही, थेट फ्री झालं. हे सहसा तुमच्या कोडमध्ये नसतं. रीअलॉकनं नवी जागा घेऊन जुनी सोडलेली असते, किंवा वाढत्या व्हेक्टरनं, किंवा एखाद्या जेसन लायब्ररीनं. मोकळा तुकडा शेजारच्या मोकळ्या जागेत विलीन झाला असेल तर सुरुवातीचे बाइटही वाचू शकतात, तेव्हा सोळाचा आकडा दिसला नाही म्हणून फ्रीला निर्दोष ठरवू नका.

फ्री झालेली मेमरी ‘गेली’ असं मानणं किती धोक्याचं आहे ते २०१४ च्या एप्रिलमध्ये जगानं पाहिलं. ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड दोषामुळे बाहेरचा कुणीही एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीचा ६४ केबीपर्यंतचा भाग मागून घेऊ शकत होता. तिथे जे पडलेलं असेल ते, मग ती कुणाची सेशन कुकी असो, पासवर्ड असो की सर्व्हरची खाजगी की.

सगळाच्या सगळा पासवर्ड शाबूत असेल तर

इथे दोन शक्यता आहेत. पहिली, तुमची पुसणारी ओळ बायनरीत नाहीच. मेमसेटनं शून्यं भरल्यावर तो बफर पुन्हा कुणी वाचत नाही, असं कंपायलरला दिसतं. मग ते लिहिणं त्याच्या दृष्टीनं निरुपयोगी ठरतं आणि ऑप्टिमायझेशन चालू असताना तो ते काढून टाकतो. भाषेच्या नियमांनुसार त्याला तशी मुभा आहे. डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद असतं, म्हणून तिथे पासवर्ड पुसला जातो. ‘माझ्या मशीनवर दिसत नाही’ या वाक्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोष इतका जुना आणि सर्रास आहे की सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, १४.

खात्री करायची तर बायनरीतला मशीन कोड दाखवणाऱ्या ऑब्जडंपनं ते फंक्शन उलगडून पाहा. मात्र मेमसेटची कॉल दिसली नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. छोटा बफर असेल तर कंपायलर कॉलऐवजी जागेवरच दोन-चार स्टोअर सूचना घालतो. फंक्शन संपण्याआधी त्या स्टॅकच्या जागेवर शून्य लिहिलं जातंय का, ते पाहायचं.

उपाय तयार आहेत, स्वतः काही लिहायची गरज नाही. लिनक्सवर ‘एक्स्प्लिसिट बीझीरो’ वापरा. ते ओपनबीएसडीतून आलं आणि २०१७ च्या ग्लिबसी २.२५ पासून उपलब्ध आहे. विंडोजवर ‘सिक्युअर झीरो मेमरी’ आहे, लिबसोडियम या क्रिप्टो लायब्ररीत ‘सोडियम मेमझीरो’, ओपनएसएसएलमध्ये ‘क्लीन्स’. सी२३ मध्ये ‘मेमसेट एक्स्प्लिसिट’ प्रमाणित झालंय. सी११ च्या परिशिष्टातलं ‘मेमसेट एस’ मात्र ऐच्छिक आहे आणि ग्लिबसीत नाही, म्हणून त्यावर विसंबून लिहिलेला कोड लिनक्सवर बिल्डच होत नाही. व्होलाटाइल पॉइंटरचा घरगुती लूप मला पसंत नाही. तो चालतो, पण पुढचा माणूस ‘हे कशाला?’ म्हणून तो साफ करून टाकतो. फंक्शनच्या नावातच हेतू दिसला की त्याला कुणी हात लावत नाही.

दुसरी शक्यता: ओळ नीट चालते, पण पासवर्ड तुमच्या बफरच्या आधी किंवा नंतर दुसरीकडे थांबला होता. सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे एसटीडीआयओचा, सीच्या इनपुट-आउटपुट लायब्ररीचा, अंतर्गत बफर. एफगेट्सनं पासवर्ड वाचलात तर तो आधी लायब्ररीच्या बफरमध्ये येतो आणि तिथून तुमच्या ॲरेत कॉपी होतो. तुम्ही ॲरे पुसता, लायब्ररीचा बफर पुढचं इनपुट येईपर्यंत तसाच. इथे सरळ ‘रीड’ सिस्टिम कॉल वापरा, किंवा वाचण्याआधी त्या स्ट्रीमचं बफरिंग बंद करा.

मग येतात रूप बदललेल्या प्रती. एचटीटीपी बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये युजरनेम, कोलन आणि पासवर्ड एकत्र करून बेस६४ होतं. ती हेडर स्ट्रिंग एचटीटीपी लायब्ररीच्या बफरमध्ये राहते आणि तुमच्या ग्रेपला ती दिसत नाही. नुसत्या पासवर्डचं बेस६४ शोधूनही उपयोग नाही, कारण आधीच्या युजरनेमच्या लांबीप्रमाणे अक्षरं सरकतात. खरं युजरनेम धरून पूर्ण स्ट्रिंग तयार करा आणि ती शोधा. यूआरएल एन्कोडिंग, हेक्स, यूटीएफ-१६, जे जे तुमच्या वाटेवर आहे ते सगळं शोधायला हवं.

रूप बदललेल्या प्रतीचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण कीपास या पासवर्ड मॅनेजरचं आहे, दोषाचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२३-३२७८४. कीपास २.एक्समध्ये मास्टर पासवर्डसाठी खास तयार केलेली टेक्स्टबॉक्स होती, आणि गुपितं मेमरीत राहू नयेत याची काळजी त्या प्रोग्रॅमनं मनापासून घेतलेली होती. तरीही टाइप केलेल्या प्रत्येक अक्षरासाठी मेमरीत एक उरलेली स्ट्रिंग तयार होत होती: आधीच्या अक्षरांच्या जागी ठिपके आणि शेवटी ते एक अक्षर. दुसऱ्या अक्षरासाठी एक ठिपका आणि अक्षर, तिसऱ्यासाठी दोन ठिपके आणि अक्षर. डंपमधून या स्ट्रिंग गोळा करून ठिपक्यांच्या संख्येनं लावल्या की पहिलं अक्षर सोडून अख्खा पासवर्ड वाचता येत होता. पूर्ण पासवर्ड मेमरीत कुठेही सलग नव्हता, म्हणून साध्या शोधाला तो लागलाच नसता. आवृत्ती २.५४ मध्ये हे दुरुस्त झालं.

फोर्क, स्वॅप आणि एमलॉक

आधीच प्रोसेस फोर्क करून (मूळ पेरेंटची चाइल्ड नावाची प्रत काढून) ठेवणाऱ्या सर्व्हरमध्ये एक चमत्कारिक लक्षण दिसतं: पेरेंटचा डंप स्वच्छ, चाइल्डच्या डंपमध्ये की हजर. फोर्कनंतर दोघं मेमरीची तीच पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) वाटून घेतात. पेरेंट पुसायला जातो तेव्हा त्याला त्या पानाची वेगळी प्रत मिळते आणि तो स्वतःची प्रत पुसतो. चाइल्डकडे जुनं पान जसंच्या तसं. की वाचण्याआधी फोर्क करा, किंवा ‘एमॲडव्हाइज’नं ते पान फोर्कमध्ये जाऊ नये असं सांगा. चाइल्डला शून्यानं भरलेलं पान मिळावं, असा पर्यायही लिनक्स ४.१४ पासून आहे.

मेमरी डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जाऊ नये म्हणून ती रॅममध्येच अडकवणारं एमलॉक हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं, पण ते जमलं की नाही हे सांगणाऱ्या त्याच्या परतीच्या मूल्याकडे फार थोडे पाहतात. लॉक करता येणाऱ्या मेमरीला मर्यादा असते. जुन्या कर्नलवर ती नेहमीच्या सेटिंगमध्ये ६४ केबी होती, ५.१६ पासून ८ एमबी झाली. कंटेनरमध्ये ती अजूनही कमी ठेवलेली आढळते. मर्यादा ओलांडली की एमलॉक एरर देऊन परत येतं, प्रोग्रॅम तो एरर न पाहता पुढे जातो आणि की निवांत स्वॅपमध्ये जाऊ शकते. ‘यूलिमिट मायनस एल’नं मर्यादा पाहा, सिस्टिमडीच्या युनिट फाइलमध्ये किंवा डॉकरच्या यूलिमिट पर्यायानं ती वाढवा, आणि लॉक जमला नाही तर प्रोग्रॅम थांबवा.

‘मर्यादा वाढवली तरी की मधूनच अनलॉक झालेली दिसते’ ही तक्रार आली तर आधी पत्ते पाहा. लॉक पूर्ण पानावर लागतो, बहुतेक मशीनवर ते ४०९६ बाइटांचं, आणि लॉक एकावर एक चढत नाहीत. दोन की एकाच पानावर असतील आणि पहिलीचं काम संपल्यावर तुम्ही एमअनलॉक केलंत, तर दुसरीचाही लॉक गेला. म्हणून गुपितांसाठी मॅलॉक नको, स्वतंत्र पानं घ्या. मी तरी लिबसोडियमचं ‘सोडियम मॅलॉक’च सुचवेन: ते पान वेगळं घेतं, लॉक करतं, जिथे सोय आहे तिथे डंपमधून वगळतं, दोन्ही बाजूंना राखण पानं (हात लागताच प्रोग्रॅम बंद पडेल अशी) ठेवतं आणि फ्री करताना पुसतं. प्रत्येक वाटपाला तीन-चार पानं जास्त लागतात, म्हणून हजारो छोट्या वस्तूंसाठी ते वापरू नका. दोन-चार कीजसाठी हा खर्च काहीच नाही.

लॅपटॉप हायबरनेट झाला की रॅमची प्रत डिस्कवर जाते आणि तिथे एमलॉक कामाचा नाही. डिस्क आणि स्वॅप एन्क्रिप्ट केलेले असणं हाच त्यावरचा इलाज.

जावा, पायथन, रस्ट

जावात स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून पासवर्ड कॅरेक्टर ॲरेत ठेवा हा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. कचरा गोळा करणारा जीसी वस्तू इकडून तिकडे हलवतो आणि जुनी जागा लगेच पुसत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की विनंती जेसनमधून आली तर पासवर्ड तुमच्यापर्यंत येण्याआधीच स्ट्रिंग झालेला असतो. ॲरे पुसून तुम्ही फक्त शेवटची प्रत पुसता. दीर्घकाळ लागणारी की जावा चालवणाऱ्या जेव्हीएमच्या बाहेर, म्हणजे एचएसएम (की सांभाळणारं वेगळं हार्डवेअर) किंवा की मॅनेजमेंट सेवेत ठेवा. तेवढं शक्य नसेल तर डायरेक्ट बाइट बफर वापरा: तो जीसी हलवत नाही आणि हीप डंपमध्ये, म्हणजे जावाच्या वस्तूंच्या मेमरीच्या प्रतीत, त्यातला मजकूर येत नाही. कोअर डंपमध्ये मात्र येतो.

आणि हीप डंप कुठे जातात ते आजच पाहा. माझ्या मते गुपितं बाहेर पडण्याचा खरा धोका रॅम गोठवून वाचणाऱ्या हल्लेखोराकडून फार कमी. मेमरी संपल्यावर आपोआप पडलेली डंप फाइल कुणीतरी सपोर्ट तिकिटाला जोडतं, आणि तीत ग्राहकांचे आधार क्रमांक, टोकन, डेटाबेसचा पासवर्ड सगळं असतं. जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कच्या ३.५ आधीच्या आवृत्त्यांत ॲक्च्युएटर या देखरेखीच्या भागाचे सगळे एंडपॉइंट उघडण्यासाठी कुणी तारकेची (*) खूण टाकली असेल, तर हीप डंप ब्राउझरमधून उतरवता येतो. अगदी हौशी माणसालाही.

पायथनमध्ये स्ट्रिंग आणि बाइट्स दोन्ही न बदलणारे. बाइटॲरे पुसता येतो, पण तो लायब्ररीला देताना बाइट्समध्ये बदललात की नवी प्रत तयार. पायथनमध्ये पूर्ण पुसल्याचा दावा करू नये. गुपिताचं काम छोट्या वेगळ्या प्रोसेसमध्ये करून ती प्रोसेस संपवणं जास्त भरवशाचं.

रस्टमध्ये ‘झीरोइझ’ ही लायब्ररी कंपायलरचा प्रश्न नीट सोडवते. तरी मूव्ह म्हणजे बाइटांची कॉपीच असते आणि स्टॅकवरची जुनी जागा पुसली जात नाही. वाढलेल्या व्हेक्टरची जुनी जागाही नाही. की सुरुवातीलाच बॉक्समध्ये घ्या, व्हेक्टरला पूर्ण क्षमता आधीच द्या.

तरीही काही उरेलच

रजिस्टरमधून स्टॅकवर सांडलेले बाइट, क्रिप्टो फंक्शनच्या मधल्या गणिताचे अवशेष, हे पोर्टेबल कोडमधून पूर्ण आवरत नाही. एक्स्प्लिसिट बीझीरोच्या मॅन्युअल पानावरही ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. मशीनवर रूट मिळालेल्या माणसापुढे यातलं काहीच टिकत नाही. म्हणून वेळ कमी करा: गुपित उशिरा आणा, लवकर सोडा. जी की तासन्‌तास लागतेच, तिच्यासाठी ओपनएसएसएचनं ८.१ मध्ये घेतलेला मार्ग अभ्यासण्यासारखा आहे. तिथे खाजगी की मेमरीत एन्क्रिप्ट करून ठेवतात आणि ती उघडणारी की १६ केबीच्या यादृच्छिक मजकुरातून काढतात. बाजूच्या वाहिनीतून (हार्डवेअरच्या अप्रत्यक्ष खुणांवरून) एकेक बिट चोरणाऱ्याला तो सगळा मजकूर जवळपास बिनचूक मिळवावा लागतो.

सेवा सुरू होताना ‘पीआरसीटीएल’ या सिस्टिम कॉलनं डंप होण्याची परवानगी काढून घ्या आणि सिस्टिमडीत कोअरची मर्यादा शून्य ठेवा. पीआरसीटीएलमुळे साध्या युजरला डीबगरही जोडता येत नाही. तपासणीच्या बिल्डमध्ये मात्र हे बंद ठेवा किंवा जीकोअर रूट म्हणून चालवा, नाहीतर डंपच मिळणार नाही आणि चाचणी खोटीच पास होईल.

ही चाचणी सीआयमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये टाका, रिलीज बिल्डवरच. आणि फक्त यशस्वी लॉगिननंतर डंप घेऊन थांबू नका. चुकीचा पासवर्ड दिल्यावर, सर्व्हरचं कनेक्शन मध्येच तोडल्यावर आणि टाइमआउट झाल्यावर असे आणखी तीन डंप घ्या, कारण लवकर परतणारे रिटर्न याच वाटांवर असतात आणि पुसणारी ओळ त्यांच्या खाली राहते. सीमध्ये एकच बाहेर पडण्याची जागा ठेवून तिथे पुसा, सी प्लस प्लसमध्ये ते काम डिस्ट्रक्टरकडे द्या. सहाही तुकडे, बेस६४ची पूर्ण स्ट्रिंग आणि यूटीएफ-१६ रूप, चारही डंपमध्ये शोधा. एक जरी सापडला तरी बिल्ड फेल.